गोळ खाण्याआधी

चुलत बहीण खुशीचा गोळ, म्हणजे साखरपुडा होता, म्हणून शीलानं एक दिवस तोंड मिटून घ्यायचं ठरवलं होतं. पाहुणे येतील, बसतील, गोळ खाऊन सोयरीक पक्की करून जातील, मग सांगू. दारव्हा रस्त्यावर जीपमधून उतरून ती तांड्याच्या वाटेला लागली, तेव्हाही मनात हेच घोळत होतं. दोन्ही अंगांनी कापूस फुटून वावरं पांढरी झाली होती. वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून कितीतरी वावरं तशीच उभी होती.

आदल्या संध्याकाळी पुण्याच्या कंपनीनं तिथल्या सगळ्यांना, आणि लोहाऱ्याहून एकट्या शीलाला, एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. बोलणाऱ्या साहेबानं स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला होता आणि ऐकणाऱ्यांचे आवाज बंद करून ठेवले होते, त्यामुळे कोणाला काही विचारायची सोयच नव्हती. इतकी वर्षं बनत असलेला गेम बंद. खर्च फुगत गेला, पैसा घालणाऱ्या परदेशी कंपनीनं हात काढून घेतला, पुण्याचं अर्धं ऑफिस घरी. लोहाऱ्याचं नाव साहेबानं अगदी शेवटी घेतलं. ते युनिट पूर्ण बंद, एवढंच.

लोहाऱ्याचं युनिट शीलानंच उभं केलेलं. पुण्याच्या त्या कंपनीत ती गेमसाठी कॉम्प्युटरवर घरं, झाडं, माणसं घडवायची. करोनाच्या टाळेबंदीत तांड्यावर परत आली ती साहेबांच्या मागेच लागली. गेममधले माठ, गाड्या, दुकानं, विहिरी असलं बारीकसारीक काम आमच्याकडची पोरं कमी खर्चात करून देतील, असं तिनं पटवलं आणि यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतली. पोरांनी काम करूनही दाखवलं. तिचा धाकटा भाऊ बादल, भावसिंगकाकाची खुशी, आजूबाजूच्या गावांतली आणखी काही पोरं-पोरी. सगळ्यांना तिनं हात धरून शिकवलं होतं. तांड्यात त्या शेडला 'शीलाची फॅक्टरी' म्हणायचे, आणि शीलाचे वडील शंकरसिंग, तांड्याचे नायक, ते ऐकून मिशीवरून हात फिरवायचे.

भावसिंगकाकाच्या अंगणात मांडव घातला होता. रुपीबाई काकी दारातच भेटली.

"आली का माय! म्हटलं पाहुण्याच्या मागून येते का पुढून." तिनं शीलाच्या गालावरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. "कांई वेगो, बेटी? तोंड काहून असं झालं?"

"कुठं काय, काकी. जीपमधी उभ्यानं आली."

शीलाची याडी, म्हणजे आई, ती लहान असतानाच गेली होती. तेव्हापासून रुपीकाकीनं तिला आणि बादलला आपल्याच पोरांत धरलं. एका ताटात जेवू घातलं, एका गोधडीखाली निजवलं. तिच्यासमोर खोटं बोलणं शीलाला कधी जमलं नव्हतं. आज काकीला घाई होती, म्हणून जमलं.

आत खुशी आरशापुढं बसली होती. दुसरी एक चुलत बहीण तिच्या वेण्या घालत होती आणि खुशीचं होणाऱ्या नवऱ्याच्या, शामच्या घरचं बोलणं थांबत नव्हतं.

"ताई, शामची बहीण फोनवर इचारत होती, गेम कधी येते म्हणे. मी म्हटलं, उन्हाळ्यापावेतो येईन. येईन ना? तिले सांगतलं, त्यातला पूर्रा बाजार मी बनवला. बांगड्याचं दुकान, कापडाचं दुकान, अन् एक बाई बसली हाय ना फेटिया घालून, ते माही याडी हाय म्हणून सांगतलं. त हासाले लागली."

"चांगलं केलं," शीला म्हणाली आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर आली.

गोठ्याच्या कडेला बादल उभा होता. त्यानं तिला हातानंच बोलावलं.

"ताई, माहं लॉगिन होत नाई."

"आज सुट्टी हाय ना. कायले केलं?"

"स्पीकर आणाले शेडवर गेलतो. म्हटलं, खुशीचा बाजार मोबाईलवर घेतो थोडा, पाहुण्याईले दाखवू. माहं होत नाई. खुशीचं होत नाई. तुहं बी होत नाई."

तिचा पासवर्ड त्याला ठाऊक होता, हे तिला आत्ता कळत होतं. एरवी ती चिडली असती.

"बंद झालं, बादल."

"लॉगिन?"

"सगळंच."

बादल कापसाच्या गंजीला टेकला.

"काम खराब होतं का आपलं?"

"नाई. कामाले कोणी नाव ठेवलं नाई."

"मंग?"

"गेम बनवणंच महाग झालं. पयले मूठभर माणसाईत होऊन जात होता, आता गावच्या गाव लागते अन् वर्सामागून वर्सं जाते. एवढं घालून चालला नाई त पैसेवाला बुडते. म्हणून ते अर्ध्यातूनच बंद करून राह्यले. आपलाच एकट्याचा नाई, सगळ्या जगात हेच चालू हाय."

"सगळ्या जगाचं मी काय करू?" बादलचा आवाज चढला. "मी तुह्या भरोशावर वावर ठेक्यानं देऊन बसलो. बा नाई म्हणत होते. म्हटलं, ताई हाय ना."

"हळू बोल."

"कायचं हळू?" असं म्हणत भावसिंगकाकाच गोठ्यात आला. खांद्यावर नवं उपरणं होतं, कपाळाला घाम होता. दोघांच्या तोंडाकडे पाहूनच तो थांबला. "काय झालं?"

शीलानं सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं. काकानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि बाहेर मांडवाकडे एकदा पाहून घेतलं.

"हे आज कोणाच्या तोंडातून निंगालं नाई पाहिजे."

"काका, शामच्या घरच्याईनं खुशीची नोकरी पाहूनच हो म्हटलं. तो पोलीस भरतीची तयारी करन, खुशीच्या पगारावर लोहाऱ्यात खोली करून राह्यतीन, असं बोलणं झालं. अन् आपण..."

"बोलणं झालं तवा नोकरी होती ना? मंग खोटं कोण बोललं? पोट्टी मांडवात बसाची हाय, शीला. आज फिरलं त उद्या कोण येईन तिच्या दारात?"

"काका बराबर म्हणते," बादल म्हणाला. मघाशी तिच्यावर चढलेला भाऊ आता काकाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "आपलं त बुडलंच. खुशीचं तरी होऊ दे."

"खुशीले मालूम हाय?"

रुपीबाई दारात उभी होती. हातात हळदीकुंकवाचं ताट. किती ऐकलं तिनं, हे विचारायची गरज नव्हती.

"तू जाय, पाहुण्याईची तयारी पाहाय," काका म्हणाला.

"मी इचारून राह्यली, खुशीले मालूम हाय का?"

"नाई, काकी," शीला म्हणाली.

"मंग पयले तिले सांगा. गोळ तिचा हाय."

"बायकाईनं मधात पडाचं काम नाई हे!"

"मी मधात नाई पडली," रुपीबाई नवऱ्याकडे न पाहता म्हणाली. "शीला, जाय. तूच सांग. तूच शिकवलं तिले, तूच सांग."

खुशीच्या वेण्या घालून झाल्या होत्या. शीलानं बाकीच्या पोरींना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. खुशी हसत वळली. शीलाचं बोलणं संपेपर्यंत तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, जसं काही ते काढायचं ती विसरून गेली होती.

मग तिनं शीलाच्या बांचं विचारलं, "बड्या बाले सांगतलं?"

"नाई. आता सांगतो. ते नायक हाय, त्याईले न सांगता कसं..."

"नको सांगू." खुशीनं मेंदीच्या हातानं तिचा हात धरला. "बड्या बाले कळलं त ते गोळ फोडूच देणार नाई. तुले मालूम हाय ना त्याईचं. पाहुण्याईले आल्या पायी सांगतीन."

"खुशी, हे लपवून लग्न करशीन? नंतर कळन तवा काय होईन तुहं तिथं?"

"अन् नाई झालं त काय होईन माहं इथं?" खुशी हळूच बोलत होती, पण शब्द भराभर येत होते. "मी बारावीनंतर शेण काढून राह्यलती, ताई. तू नेलं मले. आता नोकरी बी गेली अन् गोळ बी मोडला, त मी पुन्हा तिथंच. लोकं म्हणतीन, फॅक्टरीतून हाकलली, सोयऱ्यानं बी हाकलली. शाम चांगला हाय. तो फोनवर माहं आयकते. लग्न झाल्यावर मीच सांगतो त्याले. यवतमाळात दुसरं काही पाहतो. तू फक्त आज बोलू नको."

"हे बराबर नाई होत खुशी."

"बराबर त तुह्या साहेबानं बी नाई केलं," खुशी म्हणाली. "त्याले काय झालं?"

बाहेर गाड्यांचा आवाज आला. आर्णीकडचे पाहुणे आले होते.

मांडवात सतरंज्यांवर एका बाजूला पाहुणे, एका बाजूला तांडा. मधोमध पितळी ताटात गोळाची भेली. शामचे वडील पूनमसिंग आडव्या अंगाचे, हसऱ्या तोंडाचे. आल्या आल्या ते सगळ्यांना नावानिशी रामराम घालत सुटले. त्यांच्या मागे शाम, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला, आणि त्याचा धाकटा भाऊ सोनू, जो सारखा शीलाकडे पाहत होता.

बा आले, तेव्हा सगळे सावरून बसले. शंकरसिंग नायक आवाज चढवून बोलत नसत. तांड्यातली भांडणं त्यांच्या ओट्यावर यायची, आणि पोलिसात न जाता तिथंच मिटायची, ती या आवाजावर. डोक्याला तांबडी पगडी, अंगात पांढरा सदरा. त्यांनी तांड्याच्या कारभाऱ्याला जवळ बसवून घेतलं आणि रीतीप्रमाणे विचारलं.

"पूनमसिंग, तुमाले काही इचाराचं असन त आताच इचारा. आमच्याकडून काही सांगाचं असन त आमी बी आताच सांगतो. गोळ तोंडात गेल्यावर मंग कोणाचा बोल नाई."

बोलता बोलता त्यांनी आपल्या माणसांवरून नजर फिरवली. भावसिंगवरून, बादलवरून, आणि मग शीलावरून. तिच्याजवळ ती किंचित थांबली. तिथं संशय नव्हता. मुलीच्या कर्तबगारीवर आज घरातली दुसरी पोरगी उजवली जात होती, याचा आनंद होता तो. शीलानं खाली पाहिलं.

"आमच्याकडून काही नाई," भावसिंगकाका घाईनं म्हणाला.

"आमचं बी काही नाई," पूनमसिंग हसले. "पोरगी पसंत, घर पसंत. एक इनंती हाय फक्त, ते बी नायकाले नाई, शीलाबाईले. आमचा हा सोनू. मोबाईलच्या दुकानात होता. म्हटलं, आता घरचीच फॅक्टरी हाय त दुसऱ्याच्या दुकानात कायले? मागच्या आठवड्यात सोडून देल्लं त्यानं. त्याले बी लावून घ्या तुमच्याकडे. दोघं भाऊ एका खोलीत राह्यतीन, वहिनीच्या हातचं खातीन."

मांडवात कौतुकाचं हसणं झालं. सोनू उठून शीलाच्या पायाशी वाकला. तिनं पाय मागे घेतले.

"सध्या... सध्या जागा नाई," ती म्हणाली.

"एका पोराची जागा नाई?"

"सध्या नाई."

पूनमसिंग अजून हसतच होते, पण डोळे हसायचे थांबले होते. "भावाले घेतलं, काकाच्या पोरीले घेतलं. दारव्ह्याकडच्या दुसऱ्या जातीच्या पोरी घेतल्या म्हणते. अन् आता आमी सोयरे होऊन राह्यलो, त आमच्याच पोराले जागा नाई? पगार नका देऊ सुरुवातीले. बसू द्या नुसतं. शिकन."

"दे ना शीला शब्द," भावसिंगकाका दातांतून बोलला. "एका शब्दानं काय होते?"

सोनू अजून तिच्यापुढं अर्धवट वाकून उभा होता. आता तो सरळही होऊ शकत नव्हता आणि वाकूही शकत नव्हता. शीलाला वाटलं, एक 'हो' म्हटलं की सगळं पार पडेल. सकाळपासून इतकं गिळलं, हे एक आणखी. तिनं तोंड उघडलं आणि 'हो' काही निघेना.

"कायची जागा मांगता?" बादल उभा राहिला होता. "कुठं बसवता त्याले? शेडच बंद झाली! तिची नोकरी गेली, माही गेली, सगळ्याईचीच गेली. मोबाईलच्या दुकानात जाऊन पाय धर म्हणा त्याले, घेतीन परत."

"बादल!" काका ओरडला. पण झालं होतं.

कोणीतरी स्पीकरचं गाणं बंद केलं. पूनमसिंगांच्या हातात कारभाऱ्यानं दिलेला गोळाचा खडा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग नायकाकडे.

"नायक," ते अगदी हळू म्हणाले, "तुमाले मालूम होतं?"

बांना माहीत नव्हतं. तिनंच कळू दिलं नव्हतं. आता ते 'नाही' म्हणतील, आणि ते खरं असेल, आणि मांडवातल्या प्रत्येकाला कळेल की या पोरीनं आपल्या बापालाही फसवलं. तिला ते चालणार होतं. तसंच व्हायला हवं होतं.

शंकरसिंगांनी मुलीकडे पाहिलं. एकदाच. तिचा पडलेला चेहरा, भावसिंगचा घाम, बादलची वळलेली मूठ, आणि आतल्या दाराशी उभी असलेली खुशी. त्यांना सगळं कळायला तेवढंच पुरलं.

"हो," ते म्हणाले. "मालूम होतं."

"बा!" शीला उठली. "खोटं हाय हे. बाले मी..."

"खाली बस," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला चार लोकांत गप्प केलं.

खुशी दारातून बाहेर आली होती. डोक्यावरची ओढणी खाली आलेली, तिला भान नव्हतं. "बड्या बाचं काही नाई. मले मालूम होतं. मीच ताईले म्हटलं, बोलू नको म्हणून."

तिनं शामकडे पाहिलं. सगळा मांडव शामकडे पाहू लागला. शाम जागेवर चुळबुळला, वडिलांकडे त्यानं एक नजर टाकली आणि आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

"म्हणजे सगळ्याईलेच मालूम होतं," पूनमसिंग म्हणाले. "आमाले सोडून." त्यांनी हातातला खडा परत ताटात ठेवला, जपून, आवाज न होऊ देता. "मी नोकरीसाठी रागावलो नाई, नायक. नोकरी आज हाय, उद्या नाई. पण मी घरी सांगून आलतो, की शंकरसिंगच्या तांड्यात आपली पोरगी बी डोळे झाकून द्यावी, इतकं साफ काम हाय."

ते उठले. त्यांची माणसं उठली. बायका आतून शिजलेल्या अन्नाची पातेली घेऊन बाहेर येत होत्या, त्या तशाच थांबल्या. गाड्या वळल्या, धूळ उडाली. शेवटच्या गाडीत शिरताना शामनं मागे वळून पाहिलं; पण तोवर खुशी आत गेली होती.

मग घरचे घरच्यांवर सुटले. भावसिंगकाका बादलच्या अंगावर धावला, बादल म्हणाला, मी निदान खरं बोललो. काका शीलाकडे वळला. तू फॅक्टरी काढली नसती त माही पोरगी साध्या घरी सुखानं गेली असती, असं म्हणाला, आणि म्हणता म्हणता खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मघाशी त्याच्या बाजूनं उभा असलेला बादल बाहेर निघून गेला. शीला काकीजवळ गेली. रुपीबाई चुलीतली लाकडं ओढून विझवत होती.

"काकी."

"तुह्या याडीनं जाताना तुले माह्या हाती देल्लं," रुपीबाई म्हणाली. राग नव्हता आवाजात, तेच सोसवत नव्हतं. "मी तुले खुशीहून कमी नाई केलं कधी. तूनं बी तिले कमी नाई केलं, मी पाह्यलं. पण आता तू जरा दूर राह्य, बेटी. काही दिवस. मले तुह्याकडे पाहवत नाई."

खुशी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. शीला दारातच उभी राहिली.

"ताई, आपण बनवलं ते सगळं कुठं जाईन?"

"कंपनीचं हाय ते. त्याईच्याकडे बंद पडून राह्यीन."

"कोणाले दाखवता येत नाई?"

"नाई. तसं लिहून घेतलं हाय आपल्याकडून."

"कोणीच नाई पाहणार?"

"नाई."

"मंग मी खोटंच बोलली न शामच्या बहिणीले," खुशी म्हणाली, आणि वेणीतली फुलं ओढून काढू लागली.

ओट्यावर शंकरसिंगांनी कारभाऱ्याला बोलावून घेतलं होतं. शीला पोचली तेव्हा पगडी त्यांच्या मांडीवर होती. पांढरे, विरळ केस कपाळाला चिकटलेले. त्यांनी पगडी दोन्ही हातांनी उचलून कारभाऱ्याच्या पुढे ठेवली.

"पंच बसवा अन् दुसरा नायक पाहा. खोटं बोललेला माणूस लोकाईचं खरं-खोटं कसं करन?"

कारभारी हात जोडत होता, नाही-नाही म्हणत होता. बा ऐकेनात. तो गेल्यावर शीला त्यांच्या पायाशी बसली.

"बा, तुमाले त मालूम नव्हतं. काहून हो म्हटलं?"

"आता मालूम हाय ना."

"मले बोलू द्याचं होतं. माही चूक होती, मी भोगली असती."

"माह्या पोरीनं मले फसवलं, हे माह्या तोंडातून निंगालं नसतं," ते म्हणाले. "प्रयत्न केला. नाई निंगालं." मग कपाळावरचे केस मागे सारत, "साहेबानं तरी तोंड दाखवलं का तुले, सांगताना?"

"नाई."

"हं," बा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीला निघाली, तेव्हा खुशी घरात नव्हती. डोक्याला जुनं फडकं बांधून, बायांबरोबर ती उजाडताच रस्त्याकडेच्या रामरावच्या वावरात कापूस वेचायला गेली होती. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. रुपीबाई अंगणात शेणाचा सडा टाकत होती. तिनं मान वर केली नाही.

जीपच्या थांब्यावर बा उभे होते. उघड्या डोक्यानं. रस्त्यानं जाणारी माणसं रामराम घालताना अडखळत होती आणि मग पुढे जाऊन वळून पाहत होती.

"तुमी कुठं?"

"तुले आज त्या लेकराईले सांगाचं हाय ना," ते म्हणाले. "तोंड दाखवून सांगाचं. मी बसून राह्यतो बाजूले."

जीपमध्ये ती दोघं एकमेकांना खेटून बसली. लोहाऱ्यात शेडपुढं पोरं उभी होती. कुलपाची एक किल्ली बादलजवळ तांड्यावर राहिली होती, दुसरी शीलाजवळ होती. कोणी वडापाव खात होतं, कोणी मोबाईलवर होतं. बा पायरीच्या कडेला जाऊन बसले. शीलानं कुलूप काढलं, तेवढ्यात एक स्कूटी येऊन थांबली. अर्पिता. रामरावची मुलगी, खुशीच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणारी.

"सॉरी मॅडम, उशीर झाला," ती हेल्मेट काढत म्हणाली. "येता येता आमच्या वावरात खुशी दिसली. कापूस वेचून राह्यलती! मी किती आवाज देल्ले, तिनं वर पाह्यलंच नाई. आज सुट्टी हाय का, मॅडम? मले त कोणी सांगतलंच नाई."

सगळे शीलाकडे पाहू लागले.

"आत चला," ती म्हणाली. "सांगते."

ते आत गेले, आपापल्या जागी बसले, आणि रोजच्या सवयीनं सगळ्यांनी कॉम्प्युटर चालू केले.